भोंग्यावरील अक्षरे

भंडाऱ्याचे नाव निघाले की त्यापाठोपाठ पितळेचे नाव निघतेच. ‘भाणा’ म्हणजे पितळेचे ताट आणि त्यावरूनच या गावास भंडारा हे नाव मिळाले, अशी व्युत्पत्ती इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये नमूद आहे. ती शब्दशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, पितळी भांड्यांचा धंदा हा या जिल्ह्याचा जुना लौकिक होय, यात वाद नाही. हंडे, घागरी, परात, तांब्या यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु याच धातूची एक निराळी संतती गेली शंभर-सव्वाशे वर्षे खेड्यापाड्यांतून नांदली आणि तिच्याकडे मात्र कोणी इतिहासाच्या दृष्टीने पाहिले नाही. वरातीच्या पुढे चालणारे कॉर्नेट, युफोनियम आणि ट्राँबोन ही ती संतती.

तुमसर तालुक्यातील सिहोरा हे गाव घ्यावे. भोवती धानाची बांधी, जवळच चांदपूरचा मोठा तलाव, उत्तरेस फार दूर नाही अशी बालाघाटची हद्द. अशा गावी एखाद्या जुन्या बँडवाल्याच्या घरातील माळ्यावरून एक काळवंडलेले, ठिकठिकाणी चेपलेले कॉर्नेट खाली उतरले असे समजा. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर ते मोडीत जाते. दुकानदार ते तराजूत टाकतो आणि किलोभर पितळेचा त्या दिवसाचा जो भाव असेल तो हातावर ठेवतो. नाही तर शहरातून आलेला कोणी हौशी गृहस्थ ‘राणीच्या काळचे’ म्हणून ते उचलतो आणि त्याच नावाखाली दामदुपटीने तिसऱ्यास विकतो. पहिल्या वाटेने वस्तू नष्ट होते, दुसऱ्या वाटेने तिचा इतिहास खोटा होतो. हे दोन्ही टाळण्याचा उपाय त्या कॉर्नेटच्या अंगावरच कोरलेला असतो. तो वाचता मात्र आला पाहिजे.

अशी वाद्ये या भागात कोठून आली, हे प्रथम ध्यानी घ्यावे. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ मध्ये नागपूरजवळ कामठीची छावणी वसली. १८५३ साली तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. पलटण म्हटली की तिच्याबरोबर बँड आलाच. पुढे १८८० नंतरच्या दशकात नागपुराहून पूर्वेकडे आगगाडी निघाली, तुमसर रोडचे स्टेशन झाले, आणि शहरातील रिवाज लोहमार्गाने खेड्यात पोहोचू लागले. या मुलखात गावची वाजंत्री वाजविण्याचे काम परंपरेने मांग समाजाकडे असे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातींविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही याची नोंद आहे. सनई-डफड्याच्या जोडीस पितळी वाद्ये आली, ती वाजविणाऱ्यांनी ना आठवणी लिहिल्या, ना त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या कोणी जपल्या. त्यांच्या कलेचा लेखी पुरावा म्हणून जे काही उरले, ते बव्हंशी त्या भोंग्यावरील चार ओळी.

मराठी माणसाचा या वाद्यांशी परिचय मात्र याहून जुना आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली, त्यांनी आपल्या दरबारी युरोपीय पद्धतीचा बँड ठेविला होता. त्यांच्या गादीवर बसण्याच्या वेळी अशा वाद्यांना पिस्टन नव्हतेच. नळीत फुंकर घालून ओठांच्या दाबाने जे नैसर्गिक स्वर निघतील तेवढेच स्वर. आपल्या शिंगाची आणि तुतारीची गत तीच. १८१८ साली प्रशियात ष्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी झडपेचा हक्क नोंदविला आणि मग पितळी नळीतून सबंध सप्तक निघू लागले. ष्टोल्त्सेलच्या जातीच्या झडपेत हवेची वाट पिस्टनच्या बुडातून बाहेर पडते. १८३९ मध्ये पॅरिसच्या पेरिने याने जी सुधारणा केली तीत ती बाजूने जाते, आणि आजचे बहुतेक पिस्टन त्याच वळणाचे आहेत. तेव्हा बुडातून नळी निघालेले कॉर्नेट हाती आले तर ते जुन्या घाटाचे खरे. परंतु एवढ्यावरून त्यास १८३० सालात नेऊन बसविणे हा उतावीळपणा होईल, कारण स्वस्त मालात हा घाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून होता. घाटावरून वस्तूचे वय ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच कळते. ‘याच्या नंतरचे नाही’ हे सांगण्यास दुसरा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार म्हणजे कारखानदाराचे नाव आणि त्याहीपेक्षा त्याचा पत्ता. लंडनच्या बूझी कंपनीचे उदाहरण या बाबतीत फार उपयोगी आहे, कारण हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजी वाद्यांत तिचा माल पुष्कळ. ही कंपनी आधी होलिस स्ट्रीटवर होती. १८६८ मध्ये तिने हेन्री डिस्टिन याचा वाद्यांचा कारखाना विकत घेतला आणि १८७४ मध्ये ती २९५ रीजंट स्ट्रीट येथे गेली. १९३० च्या ऑक्टोबरात तिचा आणि पिकॅडिलीजवळच्या डेन्मन स्ट्रीटवरील ‘हॉक्स अँड सन’ या प्रतिस्पर्ध्याचा संयोग होऊन ‘बूझी अँड हॉक्स’ हे नाव जन्मास आले. म्हणजे भोंग्यावर नुसते ‘बूझी अँड कंपनी’ आणि रीजंट स्ट्रीट असेल, तर वाद्य १८७४ ते १९३० या छप्पन वर्षांतले. दोन्ही नावे जोडून असतील तर १९३० नंतरचे. कोणाच्या आजोबांनी ‘बूझी अँड हॉक्स’चे कॉर्नेट पहिल्या महायुद्धात वाजविले, अशी कथा सांगण्यात आली तर कथा बाजूस ठेवून अक्षरांवर विश्वास ठेवावा.

छप्पन वर्षांचा हा पट्टा आणखी अरुंद करता येतो. बूझीच्या कारखान्यात डेव्हिड ब्लेकली नावाचा एक विद्वान कारागीर होता. दोन-तीन पिस्टन एकदम दाबले असता स्वर किंचित चढा लागतो, हा पितळी वाद्यांचा जन्मजात दोष. त्यावर त्याने १८७४ साली भरपाईच्या जादा नळ्यांची युक्ती काढून तिचा हक्क नोंदविला. पिस्टनांच्या मागे आखूड नळ्यांची ही दुसरी ओळ दिसली की वाद्य त्या सालानंतरचे. राजाश्रयाची ओळही अशीच बोलकी असते. ‘हर मॅजेस्टी’ असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १९०१ च्या जानेवारीपूर्वीचा. ‘हिज मॅजेस्टी’ असेल तर १९०१ ते १९५२. मात्र १९५२ मध्ये पुन्हा राणीच गादीवर आली, ही मेख विसरू नये. ‘राणीच्या काळचे’ हे शब्द ऐकून खूष होणाऱ्या ग्राहकाने कोणती राणी हे विचारून घेतलेले बरे. प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची चित्रे आणि साले भोंग्यावर कोरण्याची तर त्या काळी अहमहमिकाच होती. त्यांतील सर्वांत अलीकडचे साल तेवढे कामाचे. पहिले साल पाहून वाद्यास ‘१८६२ चे’ ठरविणारे लोक पुष्कळ भेटतात. ते साल पदकाचे असते, वाद्याचे नव्हे.

बेसों या नावाने तर अधिकच घोटाळा होतो. ग्युस्ताव बेसों याने १८३७ साली पॅरिसला कारखाना काढला आणि पुढे लंडनला युस्टन रोडवर बस्तान बसविले. नळीचा आकार ठराविक मापाच्या पोलादी साच्यांवर घडवून एकसारखी वाद्ये काढण्याची त्याची पद्धत होती, आणि तिचे द्योतक म्हणून ‘प्रोटोटाइप’ हा शब्द त्याच्या वाद्यांवर येतो. १९४८ मध्ये बूझी अँड हॉक्सने ही पेढी आपल्या पंखाखाली घेतली, पण नाव मोडले नाही. त्यामुळे बेसों नाव असलेले वाद्य हे एकोणिसाव्या शतकातलेही असू शकते आणि स्वतंत्र भारतात आलेलेही.

जर्मन आणि बोहेमियन मालाची परीक्षा निराळी. मार्कनॉयकिर्खेन आणि ग्रास्लित्स या गावांतून स्वस्त वाद्ये जगभर जात आणि त्यांवर बहुधा कारखानदाराचे नव्हे तर विकणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव असे. येथे कायदा साहाय्यास येतो. परदेशी मालावर देशाचे नाव असावे, असा निर्बंध इंग्लंडात १८८७ साली आला, आणि व्यापारी चिन्हांविषयीचा हिंदुस्थानचा कायदा १८८९ चा. म्हणून ‘जर्मनी’ हा ठसा साधारणतः त्या सुमारानंतरचा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचा, कारण त्याआधी त्या नावाचे राष्ट्रच नव्हते. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचा. राजकारणाच्या उलथापालथी अशा रीतीने एखाद्या वाजंत्र्याच्या भोंग्यावर उमटून राहिल्या आहेत.

अक्षरे झिजून गेली असतील तर कान कामास येतो. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात, स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात निरनिराळ्या पलटणींचे बँड एकाच वेळी राष्ट्रगीत वाजवू लागले आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी, असा फजितवाडा झाल्याचे सांगतात. त्यातूनच १८५७ मध्ये नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली. इंग्रजी लष्करी बँडांचा स्वर पुढे बराच काळ चढा होता. मधल्या ‘ए’ची कंपने सेकंदाला सुमारे ४५२. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस लष्कराने खालची पट्टी स्वीकारली, आणि १९३९ च्या मे महिन्यात लंडनच्या परिषदेत ४४० हा आकडा मान्य झाला. या दोहोंतील अंतर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मे भरते. जुने लष्करी कॉर्नेट आणि नवे ट्रंपेट एकत्र वाजविले असता जे बेसूर कानी पडते, त्याचा दोष पुष्कळदा वाजविणाऱ्यास दिला जातो. तो खरोखर कारखान्याचा असतो, आणि तेच वाद्याच्या वयाचे प्रमाणही असते. इंग्लंडच्या ब्रास बँडांनी ही चढी पट्टी १९६० नंतरच्या दशकापर्यंत सोडली नव्हती, म्हणून हाही पुरावा एकट्याने पुरा पडत नाही.

मुलाम्याच्या बाबतीत तर सावधच राहावे. विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याची कृती १८४० ची, क्रोमियमची १९२० नंतरची. परंतु वरातीत चकाकले पाहिजे म्हणून जुन्या वाद्यास नवा मुलामा देण्याची रीत सर्वत्र आहे, आणि त्या आधी केलेल्या घासणीत कोरीव अक्षरे सपाट होतात. चकाकणाऱ्या वाद्यापेक्षा काळवंडलेले वाद्य अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ते याकरिताच.

उरला अनुक्रमांक. इंग्रजी वाद्यांवर तो बहुधा मधल्या, म्हणजे दुसऱ्या पिस्टनच्या घरावर ठोकलेला आढळतो. पिस्टनांवर १, २, ३ असे जे आकडे असतात ते केवळ जागा दाखविणारे. हा अनुक्रमांक अमूल्य आहे, कारण बूझी अँड हॉक्सचा जुना वाद्यसंग्रह आणि कारखान्याच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन वस्तुसंग्रहालयाने २००४ साली आपल्याकडे घेतल्या. वहीत क्रमांक सापडला तर वाद्याचा प्रकार आणि कारखान्यातून निघाल्याचा काळ कळतो. लिंडसे लँगविल यांनी वाद्यकारांची सूची १९६० मध्ये छापली आणि विल्यम वॉटरहाउस यांनी १९९३ मध्ये ती नव्याने रचली. क्रमांक नसेल तेथे या सूचीतील पत्त्यांचा आधार होतो. क्रमांकाचीही एक अडचण आहे. आपल्याकडचा कारागीर एका मेलेल्या वाद्याचे पिस्टन दुसऱ्यास बसवितो, तिसऱ्याचा भोंगा झाळून लावतो, आणि वाद्य पुन्हा उभे करतो. अशा वाद्याचा क्रमांक एका सालातला आणि भोंगा दुसऱ्या सालातला. संग्राहक यास भेसळ म्हणेल. वस्तुतः ते त्या वाद्याच्या हिंदुस्थानातील आयुष्याचे प्रामाणिक चरित्र आहे, आणि झाळकामाचा प्रत्येक डाग त्यातले एकेक प्रकरण.

शेवटी मीरत. तेथील जाली कोठी भागात नादिर अली या लष्करी बँडमधील वादकाने आपल्या नातलगासह १८८५ मध्ये पेढी काढली. आरंभी ती परदेशी वाद्ये आणून विकी. स्वतःचा कारखाना १९११ चा. त्यामुळे नादिर अली हे नाव असलेले वाद्य त्या सालाआधीचे ठरले, तर ते मीरतला घडलेले नव्हे, मीरतला विकलेले, एवढा भेद करावा लागतो. मीरतच्या कारागिरांनी इंग्रजी नमुनेच पुढे ठेविले, म्हणून लांबून पाहता बूझी आणि मीरत यांत फरक दिसत नाही. तो दिसतो भोंग्याच्या सांध्यात, पिस्टनच्या टोपणावरील आट्यांत आणि कोरलेल्या अक्षरांच्या वळणात. शहरातील ग्राहक ‘मीरत’ वाचून वाद्य खाली ठेवतो आणि ‘लंडन’ वाचून उचलतो. बाजारभावाने त्याचे बरोबर असेल. परंतु सिहोऱ्यासारख्या गावच्या वरातीत कोणी, कोणत्या पैशाने आणि केव्हा वाद्य आणले हे ज्यास जाणावयाचे आहे, त्यास मीरतचा ठसा लंडनच्या ठशापेक्षा अधिक सांगून जातो. लंडनचे वाद्य पलटणीने टाकून दिलेले, तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेलेही असू शकते. मीरतचे बहुधा वाजविणाऱ्यासाठीच घडलेले. मोडीच्या तराजूत टाकण्यापूर्वी भोंग्यावर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी फिरविली, तर डोळ्यांस न दिसणारी अक्षरेही कागदावर उमटतात. त्यास दोन मिनिटे पुरतात.