बावीस नंबरचे दार

वडिलांच्या रोजनिशीची पाने मी घरच्या एका जुन्या संगणकात साठवली आहेत. हा माझा घरगुती सर्व्हर. चोवीस तास चालू असतो. गेल्या वर्षी व्याख्यानासाठी परगावी एका संस्थेत उतरलो होतो आणि त्यातले एक पान हवे होते. तिथल्या इंटरनेटवर वर्तमानपत्रे दिसत होती, घर काही लागेना. संगणक विभागातला तरुण म्हणाला, ''काका, बावीस नंबर आम्ही बंद ठेवतो.''

या बावीस नंबरची गोष्ट मोठी गमतीची आहे. प्रत्येक संगणकाला क्रमांकांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. दूरच्या संगणकावर काम करायला पूर्वी टेलनेट वापरत. त्याचे दार २३. फाइली नेण्या-आणण्याच्या एफटीपीचे २१. दोन्हींत पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जायचा. १९९५ च्या सुरुवातीला हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्याला चोरून कान लावला आणि हजारो पासवर्ड पळवले. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी मग एसएसएच हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात सगळे बोलणे कुलूपबंद. २१ आणि २३ यांच्यामधले दार रिकामे होते. जुलैत त्यांनी क्रमांक वाटणाऱ्यांना ई-मेल पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचे उत्तर आले : २२ तुमचा. ना तीन प्रतींत अर्ज, ना साहेबांची सही! त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले.

पण चोराला जे ऐकू येत नाही, ते पहारेकऱ्यालाही येत नाही. म्हणून अनेक कचेऱ्यांनी हे दारच बंद केले.

घराच्या बाजूची अडचण वेगळी. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा संपला. आता कित्येक घरांना मिळून एकच पत्ता असतो. चाळीच्या फाटकावर पत्र येते, पण खोली कुठली ते कळत नाही. आतून बाहेर मात्र फोन लावता येतो. म्हणून माझा सर्व्हर स्वतःच बाहेरच्या एका भाड्याच्या संगणकाला एसएसएचने फोन लावून बसतो. मी त्या संगणकाचे बावीस नंबरचे दार ठोठावतो आणि त्याच तारेवरून घरी पोहोचतो.

जाणकार हेच काम ४४३ नंबरने करतात. कुलूपबंद संकेतस्थळे त्याच दाराने येतात, ते सहसा कुणी बंद करत नाही. मलाही ते जमले असते. पण पाहुण्याने यजमानाच्या मागच्या दाराने ये-जा करावी, हे मनाला पटेना. त्या तरुणाला सरळ विचारले. त्याने वरिष्ठांना विचारून माझ्यापुरते दार अर्धा तास उघडले.

पान मिळाले. वडिलांचे अक्षर मात्र शेवटपर्यंत लागले नाही.