मोहल्ला समिती

जातीय सलोखा टिकवण्यासाठी निरनिराळ्या धर्मांचे रहिवासी आणि पोलीस यांनी मिळून वस्तीपातळीवर चालवलेली नागरी समिती.

उगम : यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीत (जि. ठाणे) १९७० आणि १९८४ मध्ये हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे वस्तीवार समित्या उभारल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींच्या काळात (पहा : श्रीकृष्ण आयोग) भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली.

वैशिष्ट्ये : समितीत दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी असतात. दंगलीपूर्वीच नियमित बैठका घेणे, अफवांची शहानिशा करणे, सण-मिरवणुकींचे मार्ग व वेळा परस्परसंमतीने ठरवणे आणि किरकोळ तंटे जागीच मिटवणे ही तिची प्रमुख कामे होत. मुंबईत पोलीस व रहिवासी यांचे क्रिकेट सामनेही भरवले गेले.

महत्त्व : सार्वजनिक जीवनातील धार्मिक आचाराचे नियमन केवळ बंदोबस्तावर न सोपवता शेजाऱ्यांच्या संवादाशी जोडणारी ही पद्धत आहे. खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात तिची मांडणी केली. ग्रामीण महाराष्ट्रात लोकसहभागातून तंटे मिटवण्यासाठी १५ ऑगस्ट २००७ पासून राज्य शासनाने स्वतंत्र मोहीम राबवली (पहा : महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम).