जगज्जेता आणि ओला रस्ता

२२ जानेवारी १९५९. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात त्या दिवशी पाऊस होता, वाराही होता. फार्नहॅम गावाहून एक तरुण आपली जॅग्वार मोटार घेऊन लंडनला निघाला. हॉग्ज बॅक नावाच्या लांबट टेकडीवरचा रस्ता मागे टाकून तो गिल्डफर्ड शहराच्या बाहेरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागला. तिथल्या एका वळणावर त्याची गाडी घसरली, समोरून येणाऱ्या मालमोटारीला घासली आणि रस्त्याकडेच्या झाडावर जाऊन आदळली. तरुण जागीच गेला. वय अवघं २९.

अशी बातमी वाचली की आपण सहज म्हणतो, ‘नवशिका असेल बिचारा.’ पण हा तरुण होता माइक हॉथॉर्न. मोटार शर्यतींचा त्या वेळचा जगज्जेता! फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवणारा पहिला ब्रिटिश चालक. म्हणूनच साठाहून अधिक वर्षांपूर्वीचा हा अपघात आजही समजून घेण्यासारखा आहे.

हॉथॉर्नला ते पद मिळून जेमतेम तीन महिने झाले होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका इथे हंगामाची शेवटची शर्यत झाली आणि ४२ विरुद्ध ४१ अशा एका गुणाने त्याने स्टर्लिंग मॉसला मागे टाकलं. मात्र हा हंगाम त्याला फार महागात पडला होता. त्या वर्षी तो एकच शर्यत जिंकला, ती फ्रान्समधली, आणि त्याच शर्यतीत फेरारी संघातला त्याचा सहकारी लुइजी मुसो मरण पावला. पुढच्याच महिन्यात जर्मनीत त्याचा जिवलग मित्र पीटर कॉलिन्स गेला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत. कॅसाब्लांकाच्या शर्यतीत भाजलेला स्टुअर्ट लुइस-इव्हान्सही काही दिवसांनी दगावला. हॉथॉर्नने शर्यतींना रामराम ठोकला. त्याचं लग्न ठरलं होतं. फार्नहॅमला वडिलांनी सुरू केलेलं गॅरेज होतं. ते वडीलही १९५४ मध्ये रस्त्यावरच्या मोटार अपघातातच गेले होते. रस्ता काय करू शकतो, हे या घराला नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

मग त्या दिवशी काय झालं? वाटेत हॉथॉर्नला एक ओळखीची मर्सिडीज ३०० एसएल दिसली. ती चालवत होते रॉब वॉकर. जॉनी वॉकर या मद्याच्या घराण्याचे ते वारस आणि एका शर्यत संघाचे मालक. हॉथॉर्नची जॅग्वार दिसायला चार दारांची घरगुती गाडी, पण तिच्यात ३.४ लिटरचं, सुमारे २१० अश्वशक्तीचं इंजिन होतं. दोन वेगवान गाड्या, दोन हौशी माणसं आणि पुढे मोकळा रस्ता. हॉथॉर्न पुढे निघून गेला आणि वॉकर यांच्यासमोरच त्याची गाडी घसरली. कॉरोनरच्या चौकशीत वॉकर यांनी वेग किती होता ते सांगितलं नाही. अपघाती मृत्यू असा निकाल लागला. त्या दिवशी आपण दोघं एकमेकांशी चढाओढ करत होतो, ही कबुली वॉकर यांनी दिली ती अनेक वर्षांनंतर.

त्या घसरण्याचं नेमकं एकच कारण आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ओल्या रस्त्यावर जोरकस गाडी का फिरते, याचं शास्त्र पक्कं आहे. गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला टेकतो तो प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग. पळणं, वळणं आणि थांबणं, तिन्ही कामं या चार तळहातांवर चालतात. पाऊस ही पकड कमी करतो. अशा वेळी मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचा ॲक्सिलरेटर वळणावर जरा जास्त दाबला, की मागची चाकं जागेवर फिरतात आणि गाडीची पाठ बाहेर फेकली जाते. घाबरून पाय एकदम काढला तर भार पुढे येतो, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी आणखीच फिरते.

रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर वेगळाच धोका. ठरावीक वेगापुढे टायरला पाणी बाजूला सारायला सवड मिळत नाही, तो पाण्यावर तरंगू लागतो. १९६३ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’तल्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर या संशोधकांनी विमानांच्या टायरसाठी या वेगाचं सूत्र मांडलं. त्या हिशेबाने, टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर ताशी सुमारे ९० किलोमीटरला ही वेळ येऊ शकते. टायर गुळगुळीत झाला असेल तर त्याही आधी. मग स्टिअरिंग फिरवा किंवा ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

हॉथॉर्न गेला तेव्हा ब्रिटनमध्ये शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांवर मोटारींना सरसकट वेगमर्यादा नव्हती. ताशी ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि १९६७ मध्ये कायम झाली. तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट व्होल्वोने बाजारात आणला तो १९५९ सालीच, पण हॉथॉर्नच्या मृत्यूनंतर. चाकं जखडू न देणारे इलेक्ट्रॉनिक ब्रेक मर्सिडीजमध्ये १९७८ मध्ये आले आणि घसरणारी गाडी आपणहून सावरणारी यंत्रणा १९९५ मध्ये. आपल्याकडच्या नियमांतही मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, असं बंधन आहे.

या सगळ्या सोयींनी असंख्य जीव वाचवले. मात्र या यंत्रणा असलेली पकड नीट वापरतात, नसलेली निर्माण करू शकत नाहीत. जूनमधल्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल यांचा बुळबुळीत थर तयार होतो. द्रुतगती मार्गावर मागून कोणी दिवे मारतो, शेजारून कोणी सुसाट जातो आणि आपलाही पाय नकळत खाली जातो. हॉथॉर्नलाही त्या दिवशी कुठे चषक मिळणार नव्हता. समोर फक्त ओळखीची एक गाडी होती.

शर्यतीच्या मैदानातून हा माणूस जिवंत बाहेर पडला आणि लंडनला जाण्याच्या साध्या रस्त्यावर गेला. गाडी कशी चालवावी, हे त्याच्याहून चांगलं जाणणारे तेव्हा जगात फार थोडे होते. तेव्हा पाऊस सुरू झाला आणि कोणी पुढे निघालं, तर त्याला खुशाल जाऊ द्यावं. आपण दहा मिनिटं उशिरा पोहोचलो तर घरचे रागावतील, एवढंच.