बोरघाट, जुनी फियाट आणि इंजिनातील काजळी

१/१३
खोपोली किंवा कर्जत येथील गॅरेजमध्ये जुनी मोटार ऑइल बदलण्यासाठी आली, की पुष्कळदा मालकापुढे एक छोटी बाटली येते. जुन्या ऑइलमध्ये ती ओतायची, इंजिन काही मिनिटे चालू ठेवायचे आणि साचलेली घाण ऑइलसोबत काढून टाकायची. बाटली नवी आहे; तिच्यामागचा प्रश्न मात्र सुमारे नव्वद वर्षांचा आहे. जुने इंजिन धुतल्याने वाचते की मोडते? 🧵

२/१३
हा प्रश्न खालापूर-कर्जतच्या टापूत अधिक बोचरा होतो, कारण येथे बोरघाट आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची चढण सुमारे ५०० मीटरची. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली चाकांच्या गाड्यांसाठी येथे पक्का रस्ता खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वेने हा घाट ओलांडला. आजही घाट चढण्यासाठी कर्जतला आगगाड्यांना जादा इंजिने जोडली जातात.

३/१३
मोटारीला मात्र जादा इंजिन जोडता येत नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली; १९७० च्या दशकात तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे. चार-पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन ते घाट चढे. वाटेत बॉनेट उघडून रेडिएटर थंड करणाऱ्या गाड्या हे बोरघाटातील नेहमीचे दृश्य होते.

४/१३
घाटात इंजिनाच्या आत काय घडते? गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे जास्त, वेग कमी, म्हणून समोरून येणारा वारा अपुरा. ऑइल तापते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होते. पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत राळेसारखा थर बसतो. रिंगा अडकल्या की जळालेला वायू खाली चेंबरमध्ये शिरतो, ऑइल वर चढून जळते आणि मागून निळसर धूर निघू लागतो.

५/१३
शहरातील वापराचे दुखणे याच्या उलट. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. अर्धवट जळलेले पेट्रोल, काजळी आणि बाष्पाचे पाणी ऑइलमध्ये मिसळून काळा गाळ तयार होतो. आठवडाभर मुंबईत रखडणारी आणि सुट्टीत बोरघाट चढणारी गाडी ही दोन्ही दुखणी एकत्र भोगत असे.

६/१३
आरंभीचे इंजिन ऑइल म्हणजे केवळ शुद्ध केलेले खनिज तेल. ते घर्षण कमी करी. घाण धुण्याचा गुण त्यात फारसा नव्हता. १९३० च्या दशकात अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा वारंवार अडकू लागल्या, तेव्हा तेलशास्त्रज्ञांना नवा मार्ग शोधावा लागला. १९३५ साली स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने धातूचे साबणासारखे क्षार मिसळलेले ‘डेलो’ हे ऑइल बाजारात आणले.

७/१३
अशा द्रव्यांना डिटर्जंट म्हणतात. ती तापलेल्या धातूवर राळ बसू देत नाहीत आणि ज्वलनातून उत्पन्न होणारे आम्ल मारतात. पुढे त्यांच्या जोडीला डिस्पर्संट आले. ते काजळीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलमध्ये तरंगते ठेवतात. त्यामुळे चांगले ऑइल लवकर काळे पडणे हा दोषच असतो असे नाही; घाण धातूवर न बसता ऑइलमध्ये उतरत असल्याची ती खूण असू शकते.

८/१३
१९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने इंजिन ऑइलचे तीन वर्ग ठरवले : रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. पहिले साधे तेल, दुसऱ्यात ऑइल लवकर बिघडू न देणारी द्रव्ये, तिसऱ्यात त्यांखेरीज सफाईची द्रव्येही. नवे ऑइल हे असे सरस होते. पण जुन्या मोटारींच्या मालकांपुढे याच टप्प्यावर पेच उभा राहिला.

९/१३
वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात गाळाचे थर साठलेले असत. त्यात एकाएकी सफाईचे ऑइल घातले, तर थर सुटून त्याचे तुकडे तळाच्या जाळीत अडकण्याची भीती होती. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही आणि बेअरिंगे कोरडी पडतात. जुन्या घराच्या भिंतीचा पोपडा काढावा आणि मागची मातीच ढासळावी, तसा हा प्रकार.

१०/१३
भारतात हा पेच दीर्घकाळ टिकला, कारण येथे गाडीच दीर्घकाळ टिकवावी लागे. परवाना राजवटीत नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून रिंगा बदलणे, सिलिंडर रिबोअर करणे, हाफ इंजिनचे काम करणे हे मेकॅनिकचे नित्यकर्म बनले. ऑइल बदलण्यापूर्वी रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन ‘धुण्याचा’ उपायही गॅरेजांत रूढ होता. आजची बाटली ही त्याच उपायाची सुधारित वारसदार आहे.

११/१३
या बाटलीत साधारणतः हलके पेट्रोलियम द्रावक आणि डिटर्जंट असतात. द्रावकाने ऑइल पातळ होते, म्हणून इंजिन थांबलेल्या गाडीतच, उत्पादकाने सांगितलेली मिनिटेच चालवायचे असते. ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, गाडी रस्त्यावर न्यायची नाही. पातळ ऑइल घेऊन घाट चढणे म्हणजे बेअरिंगांशी वैर. नंतर ऑइल पूर्ण काढून फिल्टर बदलावाच लागतो.

१२/१३
लाभ कोणाला? ज्या इंजिनात थर पातळ आहे आणि रिंगा थोड्याच अडकल्या आहेत, त्याला. झिजलेला सिलिंडर कोणतेही द्रव्य भरून काढत नाही. तेथे रिबोअरच हवे. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर आत डांबरासारखा जाड गाळ दिसला, तर चेंबर उतरवून जाळी हातानेच साफ करणे श्रेयस्कर. पुष्कळदा सुकलेल्या सीलची गळतीही गाळानेच थोपवलेली असते. तो गेला की ऑइल ठिबकू लागते. सर्वांत सुरक्षित उपाय संथ आहे : चांगले डिटर्जंट ऑइल भरावे आणि पुढचे दोन-तीन बदल लवकर करावेत.

१३/१३
२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि बोरघाटाची चढण सौम्य वाटू लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तरी जुन्या महामार्गावर शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे वाहून पुढे जाणारी एखादी जुनी फियाट आजही दिसते. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी लोककथा आहे. देवापुढचे नाणे श्रद्धेचे. इंजिनाची सुरक्षा मात्र झाकण उघडून आत पाहणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असते. आधी पाहावे, मग धुवावे, हाच नव्वद वर्षांच्या या अनुभवाचा सारांश होय.