आपल्या भिंती पोकळ का आहेत?

नवे सभासद हमखास विचारतात, "काका, भिंतीवर टकटक केलं की पोकळ आवाज येतो. काम कच्चं झालंय का?" अजिबात नाही. ती पोकळी मुद्दाम ठेवलेली आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यापैकी बहुतेकांची ऐपत कर्जाच्या हप्त्यापुरतीच होती. म्हणून कमी खर्चाची बांधणी निवडली. "स्वस्त म्हणजे तकलादू" असं तेव्हाही लोक म्हणाले.

या बांधणीचं नाव रॅट-ट्रॅप बाँड. मूळ पद्धत इंग्लंडमधली. आपल्याकडे ती रुजवली लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी. बर्मिंगहॅमचे हे वास्तुविशारद मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले असताना गांधीजींना भेटले आणि पुढे भारताचेच झाले. केरळात त्यांनी असंख्य घरं बांधली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या पद्धतीत गवंडी वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतो. भिंत नऊ इंचीच होते, पण आत पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात, सिमेंट वाचतं आणि आतल्या हवेमुळे उन्हाची धगही कमी लागते.

छतामागे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेचं काम आहे. ही संस्था १९४७ सालची. विटा, सळ्या आणि काँक्रीट यांचं पॅनेल जमिनीवरच तयार करायचं, ते प्रीकास्ट तुळयांवर मांडायचं आणि वर काँक्रीटचा पातळ थर द्यायचा. स्लॅबखाली सलग सेंट्रिंग लागत नाही. तो खर्च वाचतो.

हे आज सांगायचं कारण असं, की घराघरांत आता दुरुस्त्या निघाल्यात. कुणाला एसीसाठी भोक हवंय, कुणाला खोली मोठी करायचीय. लक्षात ठेवा, या भिंतींवरच छताचा भार आहे. उभी वीट जेमतेम तीन इंच जाड असते. वायरिंगसाठी तिच्यात खोल खाच मारली की भिंत कमजोर होते. कोपरे आणि दारं-खिडक्यांच्या कडा भरीव आहेत, जड वस्तू तिथेच अडकवा. छताच्या तुळईला तर हातही लावू नका. आणि काहीही तोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

घर स्वस्तात झालं, कारण प्रत्येक वीट विचार करून लावली. ती काढतानाही तेवढाच विचार व्हावा, एवढीच विनंती.