उंचावरच्या तळ्यांचं गणित

स्कूबा डायव्हिंग म्हटलं की मराठी माणसाला मालवण, तारकर्ली आठवते. ऊबदार पाणी, रंगीत मासे, सोबत हात धरून नेणारा प्रशिक्षक. पण पाण्याखाली उतरलेला माणूस जिवंत वर कसा यावा, या शास्त्राचा एक मोठा अध्याय समुद्रात लिहिलाच गेला नाही. तो लिहिला गेला समुद्रकिनारा नसलेल्या स्वित्झर्लंडमध्ये, गोड्या पाण्याच्या तळ्यांत आणि झुरिकच्या एका वैद्यकीय प्रयोगशाळेत.

मी ना पाणबुड्या, ना वैद्य. माझ्या आजोळचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. तिथलं देऊळ, तिथला पार यांच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. खाली उतरून ते पाहता येईल का, या साध्या कुतूहलापोटी वाचायला लागलो आणि वाचता वाचता स्वित्झर्लंडला पोहोचलो.

बुडालेली गावं पाहण्याची ओढ तिथेही जुनीच. 1853-54च्या हिवाळ्यात झुरिक तळ्याचं पाणी फार खाली गेलं आणि ओबरमायलेन गावाजवळ चिखलातून लाकडी खुंटांच्या रांगा वर आल्या. फर्डिनांड केलर या अभ्यासकाने ते प्रागैतिहासिक वस्तीचे अवशेष असल्याचं मांडलं. पुढच्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट 1854मध्ये, आडोल्फ मोर्लो हा भूवैज्ञानिक जिनिव्हाच्या तळ्यात मोर्ज गावापाशी डोक्यावर बादलीसारखं शिरस्त्राण घालून उतरला. वरच्या होडीतून सोबती पंपाने हवा सोडत होते. पुरातत्त्वासाठी पाण्याखाली उतरण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. आल्प्सभोवतीच्या सहा देशांतली अशी 111 स्थळं 2011पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

मोर्लो उथळ पाण्यात होता, म्हणून निभावलं. खोल तळ्याचं पाणी वेगळं वागतं. गोडं पाणी सुमारे 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे आल्प्समधल्या खोल तळ्यांत वर उन्हाळा असला तरी तळाशी बारमाही गारठा. पाण्यात उतरत जावं तसा एका ठिकाणी अंगावर जणू थंड पडदाच पडतो. त्याखाली उजेड झपाट्याने कमी होतो आणि पायाचा एक फटका बसला की तळाचा गाळ उठून समोरचा हातही दिसेनासा होतो. टाकीतली दाबाखालची हवा प्रसरण पावताना आणखी थंड होते. अशा पाण्यात रेग्युलेटरमध्ये बर्फ धरून हवा भसाभस वाहून जाऊ शकते. अशी तळी अनुभवी पाणबुड्यांसाठीच राखली जातात, ती या कारणांनी.

मात्र सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस घाईने वर आला, तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, पक्षाघात होतो, प्रसंगी जीव जातो. यावर पहिली भक्कम तक्ते-पद्धत जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1908मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले होते. शरीराचे पाच काल्पनिक भाग धरायचे, प्रत्येकात नायट्रोजन भरण्याचा आणि रिकामा होण्याचा वेग वेगळा, आणि वर येताना टप्प्याटप्प्यांवर थांबायचं, हे त्याचं सूत्र. या हाल्डेनांचे चिरंजीव म्हणजे 1957मध्ये भारतात येऊन इथलेच झालेले जे. बी. एस. हाल्डेन. वडिलांच्या प्रयोगांत तेही लहानपणी पाण्यात उतरले होते.

हे गणित समुद्रसपाटीचं होतं. डोंगरातल्या तळ्यावर ते जसंच्या तसं लावलं तर घात होतो. समुद्रात 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे चौपट असतो. बोलिव्हिया आणि पेरूच्या सीमेवरचं टिटिकाका तळं समुद्रसपाटीपासून 3,812 मीटर उंचीवर आहे. तिथे वरच्या हवेचाच दाब सपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी, म्हणून त्याच 30 मीटरवरून वर येताना दाबातला फरक साडेपाचपटीच्या घरात जातो. पाणी तेवढंच, खोली तेवढीच, पण बुडबुड्यांना वाव कितीतरी जास्त. शिवाय सपाटीवरून नुकत्याच आलेल्या माणसाच्या अंगात पाण्यात उतरण्याआधीच जादा नायट्रोजन असतो.

हे कोडं डॉ. आल्बर्ट ब्यूलमन यांनी हाती घेतलं. ते झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात फुप्फुसांचे तज्ज्ञ होते. 1959च्या सुमारास हान्नेस केलर हा विंटरथूरचा तरुण गणिती त्यांच्याकडे आला. श्वासाचे वायू बदलत नेले आणि वर येण्याचं वेळापत्रक नीट मोजलं, तर माणूस अशक्य वाटणाऱ्या खोलीवर जाऊन परत येऊ शकतो, असा त्याचा दावा होता. जून 1961मध्ये माज्जोरे तळ्यात केलर आणि 'लाइफ' साप्ताहिकाचे केनेथ मॅक्लिश 222 मीटर खोल जाऊन सुखरूप वर आले. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1962मध्ये, कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात केलर हजार फुटांवर पोहोचला, पण सोबतचा पीटर स्मॉल आणि मदतीला उतरलेला एक तरुण पाणबुड्या दगावले. विक्रमाची ही किंमत विसरून हा इतिहास सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

ब्यूलमन विक्रमांच्या मागे राहिले नाहीत. ऊतींना किती जादा नायट्रोजन सोसेल, याचं उत्तर त्यांनी भोवतालच्या प्रत्यक्ष दाबाशी जोडलं. त्यामुळे एकच सूत्र समुद्रालाही लागू पडलं आणि डोंगरातल्या तळ्यालाही. हाल्डेनांच्या पाच भागांचे त्यांनी सोळा केले. 1987मध्ये टिटिकाकावर या तक्त्यांची प्रत्यक्ष परीक्षा झाली. आज पाणबुड्यांच्या मनगटावरच्या कितीतरी संगणकांत 'झेडएच-एल16' हे त्यांचंच सूत्र चालतं. त्यातलं 'झेडएच' म्हणजे झुरिक. मालवणच्या खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्याच्या मनगटावरही स्विस तळ्यांची ही पुण्याई असू शकते.

आता आपल्याकडे वळू. डायव्हिंगच्या प्रशिक्षणात साधारण 300 मीटरच्या वर पाण्यात उतरायचं असेल, तर उंचीचा हिशेब करायलाच हवा, असं शिकवलं जातं. शिवसागर पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर असते. म्हणजे कोयनेचं पाणी या नियमात येतं. पण खरी मेख पाण्याबाहेर आहे. जलाशयाच्या काठी तापोळा आहे आणि तिथून घाट चढून गेलं की सुमारे 1,350 मीटरवर महाबळेश्वर. पाण्यातून नीट वर आलेला माणूस लगेच गाडीत बसून चहासाठी महाबळेश्वरला गेला, तर तासाभरात तो आणखी सुमारे 700 मीटर वर चढतो. अंगातल्या नायट्रोजनच्या दृष्टीने तो अजून पाण्यातून वर येतोच आहे. फक्त आता पाण्याऐवजी हवा आहे आणि मध्ये थांबण्याचा टप्पा नाही. विमानप्रवासाआधी पाणबुड्यांना थांबायला सांगतात, त्यामागचं कारणही हेच.

आपली धरणं ही माणसाने डोंगरात बांधलेली तळीच आहेत. त्यांच्याखाली गावं आहेत, देवळं आहेत, आणि ती पाहावीशी वाटणारी तिसरी पिढी आता हाती पैसा आणि साधनं घेऊन उभी आहे. त्या पाण्यात कोणी ना कोणी उतरणारच. त्याने आधी कडाक्याच्या थंडीत जमवलेलं हे झुरिकचं गणित समजून घ्यावं, आणि वर आल्यावर घाट चढायची घाई करू नये. बुडालेलं गाव साठ वर्षं थांबलं आहे. आपण एक रात्र तापोळ्यात थांबायला हरकत नाही.