रताळ्यांचा पंडित

एकादशीच्या फराळांत रताळें नसेल तर उपास सुना वाटावा, इतकें तें मराठी घरांत मुरलें आहे. मूळचें तें अमेरिका खंडाचें. कोलंबसाच्या सफरींनंतर यूरोपीय गलबतांनीं तें पूर्वेकडे आणलें. तेव्हां प्राचीन ऋषींच्या उपासाला तें खासच नव्हतें! परंतु केवळ फराळाचा जिन्नस म्हणून पाहिल्यानें त्याची खरी योग्यता कळत नाहीं. ती जपानच्या इतिहासांत दिसून येते.

चीनमधून रताळें १६०५ च्या सुमारास ओकिनावा बेटावर आलें व पुढें शंभर वर्षांनीं जपानच्या दक्षिणेकडील सात्सुमा प्रांतांत रुजलें. जपानी लोक अजूनहि त्याला 'सात्सुमाचा कंद' असेंच म्हणतात. १७३२ सालीं पश्चिम जपानांत भातावर तुडतुड्यांची धाड पडली. उभीं पिकें गेलीं, हजारों माणसें अन्नावांचून मेलीं. रताळ्याची लागवड जेथें आधींच झाली होती तेथील लोक मात्र तगले. त्यांत नवल नाहीं. भाताच्या किडीला रताळ्याशीं कर्तव्य नसतें. वादळ झालें तरी कंद भुईंत सुरक्षित राहतो; वेलाचे तुकडे खोंवले कीं नवा वेल धरतो; हलकी रेताड जमीनहि त्याला पुरते; शिवाय पाल्याची भाजी होते ती निराळीच.

हें वर्म एदो शहरांतील, म्हणजे आजच्या टोकियोंतील, आओकी कोन्यो ह्या विद्वानानें ओळखलें. मासळीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. व्यासंग चिनी शास्त्रग्रंथांचा. पण त्यानें लेखणी उचलली ती रताळ्यावर पुस्तक लिहिण्यासाठीं! उबदार हवेचा हा कंद एदोच्या थंडींत येईल काय, हाच प्रश्न होता. १७३५ सालीं शोगुन योशिमुने ह्याच्या आश्रयानें कोइशिकावा येथील सरकारी औषधी बागेंत त्यानें तो लावून पाहिला. प्रयोग साधला आणि पूर्व जपानांत लागवड पसरत गेली. लोक आओकीला 'रताळें-गुरुजी' म्हणूं लागले. त्याला त्याचा कमीपणा वाटला नाहीं. हयातींतच त्यानें आपल्या समाधीच्या दगडावर तेंच नांव घातलें. टोकियोच्या मेगुरो भागांत ती समाधि आहे.

शंभर ग्राम कच्च्या रताळ्यांत सुमारें ८६ उष्मांक, २० ग्राम पिष्टमय द्रव्यें व ३ ग्राम चोथा असतो. प्रथिनें मात्र जेमतेम दीड ग्राम. म्हणून नुसत्या रताळ्यावर शरीर पोसत नाहीं, जोडीला डाळ किंवा मासळी हवी. (साजूक तुपांत परतून पाकांत घोळलेल्या चकत्यांचा हिशेब अर्थात् वेगळा.) नारिंगी गराच्या रताळ्यांत ज्या द्रव्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतें तें विपुल असतें. त्या जीवनसत्त्वाच्या अभावीं मुलांची दृष्टि जाते. आफ्रिकेंत अशा जातींचा प्रसार केल्याबद्दल मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा व जॅन लो ह्यांना २०१६ सालीं जागतिक अन्न पुरस्कारांत वांटा मिळाला. पांढऱ्या गरांत हें द्रव्य जवळजवळ नसतेंच. महाराष्ट्रांतील बाजारांत तांबड्या सालीचें रताळें पुष्कळ येतें. पण चिरून पाहिलें तर तें आंतून बहुधा पांढरेंच निघतें.